विमान इंधनाच्या गोठणबिंदूची कसोटी आणि सर जेम्स ड्यूअर

दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडणाऱ्या विमानाबाहेरचे तापमान अनेकदा उणे ५० अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्या थंडीत इंधनात मेणासारखे स्फटिक तयार झाले, तर गाळण्या तुंबून इंजिनाचा इंधनपुरवठा खंडित होऊ शकतो. म्हणूनच जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंशांच्या वर असता कामा नये, असे बंधन आहे. प्रयोगशाळेत तो मोजण्याच्या रूढ पद्धतीत काचेचे दुहेरी भिंतींचे निर्वात पात्र लागते. हे पात्र म्हणजे स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ सर जेम्स ड्यूअर यांची देणगी होय.

ड्यूअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८४२ रोजी किंकार्डिन येथे झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास गोठलेल्या तळ्यावरील बर्फ फुटून ते पाण्यात पडले. त्यानंतर जडलेल्या संधिवाताच्या तापामुळे त्यांना दीर्घकाळ शाळेत जाता आले नाही. त्या काळात ते व्हायोलिन बनवण्यास शिकले. हातांना तेव्हा लाभलेले कौशल्य पुढे प्रयोगशाळेत उपयोगी पडले. एडिंबरा येथील शिक्षणानंतर १८७५ मध्ये ते केंब्रिजला, तर १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले.

द्रवरूप ऑक्सिजन साठवणे ही त्यांच्यापुढील मोठी अडचण होती. बाहेरच्या उष्णतेने तो लगेच उकळून नाहीसा होई. १८९२ मध्ये त्यांनी काचेच्या दोन भिंतींमधील हवा काढून टाकली. त्यामुळे वहन आणि अभिसरण यांद्वारे आत येणारी उष्णता जवळजवळ थांबली. काचेवर चांदीचा थर दिल्याने प्रारणही रोखले गेले. या पात्राच्या आधारे त्यांनी १८९८ मध्ये हायड्रोजन द्रवरूपात आणला आणि पुढच्याच वर्षी तो गोठवला. या संशोधनाची किंमतही मोठी होती. स्फोटांत त्यांच्या दोन सहायकांना प्रत्येकी एक डोळा गमवावा लागला.

ड्यूअर यांनी निर्वात पात्राचे एकस्व घेतले नाही. जर्मनीतील काच कारागिरांनी त्याला घरगुती रूप दिले आणि १९०४ मध्ये ‘थर्मॉस’ नावाने व्यवसाय सुरू केला. हीलियम द्रवरूप करण्याचा मान १९०८ मध्ये लायडनच्या कामरलिंग ओनेस यांना मिळाला. त्यांच्या प्रयोगातही ड्यूअर यांचीच पात्रे होती. ओनेस यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ड्यूअर यांना ते कधीच लाभले नाही.

२७ मार्च १९२३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. जेट विमानांचे युग त्यांनी पाहिले नाही. आज इंधनाच्या चाचणीत शीतकारक भरलेल्या त्यांच्या पात्रात नमुन्याची नळी ठेवून इंधन सतत ढवळले जाते. स्फटिक दिसू लागल्यावर नळी बाहेर काढून ते सावकाश तापू दिले जाते. अखेरचा स्फटिक ज्या तापमानाला विरघळतो, तो गोठणबिंदू होय. आतील इंधन डोळ्यांना दिसावे, म्हणून या पात्राला चांदीचा थर नसतो.