खराटा आणि कीर्तन

वायव्हाच्या आदल्या दिवशी होस्टेलमध्ये भक्तीला नुसता पूर येतो. एरवी दहाला उठणारी मंडळी पहाटे आंघोळ करून मारुतीच्या रांगेत! एका नारळात चार विषय सुटावेत, असा सौदा. मीही त्या रांगेत असतेच, खोटं कशाला बोलू? पण अशा वेळी मला हमखास गाडगेबाबा आठवतात.

त्यांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट घराण्यात. दारूपायी वडील लवकर गेले. मग आईबरोबर मामाच्या गावी, दापुऱ्याला. तिथे गुरं राखली, शेतात राबले. शाळा नाहीच. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिली. लोक कर्ज काढून बोकड कापतात, गावजेवणं घालतात आणि जन्मभर ते फेडत बसतात, हे त्यांना तिथेच कळलं. म्हणून स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रूढी मोडली. पाहुणे मटण आणि दारूची वाट बघत बसले, अन् पानात पडलं गोडाचं जेवण!

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, जवळ मातीचं गाडगं. त्यावरूनच हे नाव पडलं. गावात शिरले की पहिलं काम म्हणजे खराट्याने गाव झाडायचं. रात्री कीर्तन. आणि कुणी पाया पडायला आलंच तर पाठीत काठी!

त्यांचं कीर्तन म्हणजे अख्ख्या गावाचा वायव्हा. बाबा वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारायचे. देवाला आंघोळ कोण घालतं? त्याच्या पुढ्यातला नैवेद्य कुत्र्याने पळवू नये म्हणून काठी घेऊन कोण बसतं? लोक हसत हसत उत्तरं द्यायचे आणि आपणच आपल्यावर हसतोय हे त्यांच्या लक्षात यायचं. पण बाबा नास्तिक नव्हते हं! भजनात ते रंगून जायचे. त्यांची थट्टा देवाची नव्हती, आपल्या देवाशी चाललेल्या व्यवहाराची होती.

हे सगळं त्यांनी स्वतःही सोसलं. एकुलता मुलगा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपवली. स्वतः मात्र झोपडीत राहिले. २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीच्या वाटेवरच, त्यांनी देह ठेवला. कधीही शाळेत न गेलेल्या या माणसाचं नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे!

परवा वायव्हा झाल्यावर मी मारुतीकडे गेले, तर पायरीवर करवंट्या आणि उदबत्तीच्या पुड्यांचा ढीग. सगळा आपलाच! तेव्हा पुढच्या सेमिस्टरला नारळ जरूर फोडू, पण करवंट्या उचलून आणू. आणि हो, आदल्या रात्री थोडा अभ्यासही करू.