कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर

महानुभाव साहित्यात ज्यांना नुसते 'कवीश्वर' म्हटले की दुसरे नाव सांगावे लागत नाही, ते भास्करभट्ट मूळचे बोरी गावचे. त्यावरून ते बोरीकर म्हणून ओळखले जाऊ लागले. संस्कृत काव्यशास्त्रात ते चांगलेच मुरलेले होते. अशा विद्वानाला श्रीनागदेवाचार्यांकडून उपदेश झाला, आणि ज्या मराठीत सर्वज्ञांनी निरूपण केले त्याच मराठीच्या सेवेत त्यांनी आपली सारी व्युत्पत्ती आणून ओतली.

त्यांचा पहिला मोठा ग्रंथ 'शिशुपालवध'. ओव्या १०८७. माघ कवीचे महाकाव्य डोळ्यांपुढे असले, तरी भास्करभट्टांची रचना स्वतंत्र आहे. धर्मराजाच्या राजसूय यज्ञाला श्रीकृष्ण चक्रवर्ती निघतात, हा कथाभाग. परंतु कवीचे मन रमते ते द्वारकेत, रुक्मिणीच्या रुसव्यात, वसंताच्या वर्णनात. ग्रंथाच्या नावाला ज्याचा वध आहे, तो शिशुपाल वाचकाला बराच काळ भेटतच नाही!

ग्रंथ पुरा झाल्यावर कवींनी तो एका ज्येष्ठ गुरुबंधूंपुढे ठेवला. त्यांनी काव्याची वाखाणणी केली. मात्र हा ग्रंथ प्रवृत्तांच्या जोगा झाला, निवृत्तांच्या जोगा नव्हे, असा अभिप्रायही दिला. हजाराहून अधिक ओव्या घडविलेल्या कवीला हे ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना काव्यरचना करणाऱ्यालाच यावी. भास्करभट्टांनी वाद घातला नाही. प्रतिभेचा अभिमान बाजूला सारून त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली आणि श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाकडे ते वळले. शके १२३५ (सन १३१३) च्या सुमारास ८२७ ओव्यांची 'उद्धवगीता' सिद्ध झाली. एकनाथांनी याच स्कंधावर काशीत आपली टीका पूर्ण केली ती शके १४९५ मध्ये, म्हणजे सुमारे अडीच शतकांनंतर.

विषयाची निवड मार्मिक होती. यादवकुळाचा संहार जवळ आलेला, श्रीकृष्ण निजधामास जाण्याच्या तयारीत, आणि उद्धवाला कळत नाही की आता जगावे कसे. श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यांनी व इतर भक्तांनी जो विरह सोसला, तो ज्या पंथाच्या स्मरणात ताजा होता, त्याला उद्धवाचा प्रश्न परका वाटणे शक्यच नव्हते. असन्निधानात आचरण कोणते, हाच तो प्रश्न.

त्याच्या उत्तरात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद येतो. या अवधूताला परंपरा श्रीदत्तात्रेय प्रभू मानते. अवधूताने चोवीस गुरू केले, तेही कुठे दूर जाऊन नव्हे. पृथ्वी, वारा, कपोत, अजगर, मधमाशी असे नित्य दृष्टीस पडणारेच. मधमाशी फुलाफुलांतून थोडे थोडे घेते, तसे भिक्षुकाने अनेक घरी थोडे थोडे मागावे, एकाच घराला भार होऊ नये. सर्प स्वतःचे घर बांधीत नाही. कुमारी एकटीच घरी असता पाहुणे येतात. साळी कांडताना कांकणे वाजू लागतात, म्हणून ती एकेक उतरविते आणि हातात एकच ठेवते, तेव्हा आवाज थांबतो. आटन, विजन आणि भिक्षा हे आपल्या आचारातील शब्द ज्याच्या अंगवळणी पडले आहेत, त्याला हे दृष्टांत घरचेच वाटतात. गृहस्थाश्रमी वासनिकासाठी कपोताची कथा आहे, आशा सुटताच सुखाने झोपी गेलेल्या पिंगलेची आहे. अवंतीच्या कृपण ब्राह्मणाचीही आहे: धन गेले, लोकांनी छळले, तेव्हा त्याला उमगले की आपल्या दुःखाला दुसरा कोणी कारण नाही, आपले मनच आहे. शहाडच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यालाही हे सांगता येते. त्यासाठी घर सोडावे लागत नाही.

काव्यगुणांच्या दृष्टीने पाहिले तर 'शिशुपालवध' सरस, हे मान्य करावे लागेल. 'उद्धवगीते'त कवीने अलंकारांचा हात आवरला आहे. शांतरस चढला तसा कल्पनेचा वेग उतरला. काही समीक्षक याला पंथाने केलेला कवीचा कोंडमारा म्हणतात. तसे असते तर पंथाने 'शिशुपालवध' दृष्टिआड केला असता. तसे झाले नाही. साती ग्रंथांत दोन्ही ग्रंथांना स्थान आहे, आणि एकाच कवीचे दोन ग्रंथ त्या सातांत असण्याचा मान फक्त भास्करभट्टांचा.

पुढे आचार्यपदाची धुरा त्यांच्याकडे आली आणि त्यांच्या नावाने कवीश्वर आम्नाय चालू झाला. नंतरच्या फाटाफुटीत तेरा आम्नाय झाले, तरी कवीश्वर आम्नाय टिकून राहिला.

त्यांचे ग्रंथ मात्र शतकानुशतके सकळ लिपीच्या आड राहिले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी हे वाङ्मय बाहेरच्या वाचकाला दिसू लागले. ते महाराष्ट्रापुढे मांडण्यात पुढाकार घेतला तो ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांनी. शहाडहून ठाणे फार दूर नाही. तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत हेच भावे होते.