कृपासदनाच्या पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळात कुणाला नवीन नाही. संस्कृत विदुषी, कोलकात्याच्या शास्त्र्यांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवणारी, विधवांसाठी शाळा काढणारी बाई, एवढे आपण मुलांना सांगतो. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, हे वाक्य मात्र घाईने म्हणतो आणि विषय बदलतो. माझेही बरीच वर्षे तसेच होते. पण त्यामुळे त्यांचे अर्धे आयुष्य आपल्या हातून सुटते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. रमेला शिकवले ते आईने. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करीत, पुराणे सांगत हिंडत असे. जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत गेला. पुण्य पुरेसे साठले की देव प्रसन्न होईल ही श्रद्धा. मग दुष्काळाचे दिवस आले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचले. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी. दोन वर्षे होतात न होतात तोच पतीला पटकीने ओढून नेले. पदरात तान्ही मनोरमा, वय तेवीस.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये मुलीसह इंग्लंड गाठले. डॉक्टर व्हायचे होते, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहिले. वाँटेज गावच्या मठातील सिस्टरांकडे त्यांचा मुक्काम होता. त्या दिवसांत त्यांना लंडनमधील फुलहॅमचे एक आश्रमगृह दाखवले गेले. समाजाने ज्यांना पतित ठरवून दाराबाहेर काढले, अशा बायका तिथे राहत होत्या आणि सिस्टर त्यांची मायेने देखभाल करीत होत्या. रमाबाई थबकल्या. धर्मशास्त्रे त्यांना तोंडपाठ होती. वाट चुकलेल्या स्त्रीला त्यांत शिक्षा आणि प्रायश्चित्तच आहे, असे त्यांचे मत झाले होते. या लोकांना अशा बायकांची काळजी घ्यावीशी का वाटते, असे त्यांनी एका सिस्टरला विचारले. तिने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

त्यात एक शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर पाण्याला येते. तिचे पाच नवरे होऊन गेलेले, सध्याचा माणूस नवरा नव्हे. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. पण येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, तिचे सारे आयुष्य तिला सांगतो आणि तरीही तिला दूर लोटत नाही. उलट खऱ्या उपासनेविषयी तिच्याशीच बोलतो. आधी शुद्ध हो, मग ये, अशी अट कुठेच नाही. रमाबाईंच्या मनात हे रुतले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतरही त्या कुणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. मतांवरून सिस्टरांशीच वाद घालत राहिल्या. आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्यांना धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. देवाची दया कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते, हे बुद्धीने कळूनही आत उतरायला १८९१ साल उजाडले. बँकेत आम्ही कर्ज ‘राइट ऑफ’ करीत असू, पण ती माफी नव्हे. पुस्तकातून आकडा गेला तरी कर्जदार सुटत नाही, वसुली चालूच राहते. लहानपणापासून पुण्याचा हिशेब ठेवलेल्या बाईला खातेच फाडून टाकणारा देव पटायला वेळ लागला, यात मला नवल वाटत नाही.

दरम्यान १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले होते, ते पुढच्या वर्षी पुण्यास आले. महर्षी कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी इथल्याच विद्यार्थिनी. सदनात धर्माचा प्रचार होणार नाही असे ठरलेले होते. रमाबाई शिकवण्यातून प्रचार करीत नसत, पण प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दारही लावत नसत, आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. पण बालविधवांना त्या काळी दुसरे दार कोणते होते, तेही पाहिले पाहिजे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपल्या आईवडिलांचे दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या आणि तंबू उभारले. तेच ‘मुक्ती’. पुढे गुजरातच्या छप्पनियाच्या दुष्काळातून शेकडो मुली आणल्या; १९०० च्या सुमारास संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, दूध, छापखाना, सारे मुलीच चालवीत. अंध मुलींसाठी वेगळी सोय होती. आणि फसवल्या गेलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी वेगळे घर होते. त्याचे नाव कृपासदन. फुलहॅमला पाहिलेले ते असे केडगावच्या माळावर उभे राहिले.

शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. साध्या बाईला कळेल अशा मराठीत ते असावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आता कुटुंबातले कोणीच उरले नव्हते. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ मध्ये ते संपूर्ण छापून निघाले.