शिल्पावरचे नाव

मुलांनो, तुमच्या वर्गात असे कधी घडले आहे का? सर वह्या तपासत असतात. एका वहीवर नावच लिहिलेले नसते. सर वही उघडतात, एक पान पाहतात आणि ती कोणाची आहे ते लगेच सांगतात. नाव नसताना त्यांना कसे कळते? अक्षरावरून कळते. प्रत्येकाच्या अक्षराला स्वतःचे वळण असते. पूर्वी आपली उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. मजकुराखाली कातिबाचे नाव नसले, तरी जाणकार वाचक एखाद्या ‘नून’चा गोलावा पाहून तो कोणाच्या हातचा आहे हे ओळखत.

चित्रांचे आणि शिल्पांचेही असेच आहे. युरोपातील कितीतरी जुन्या चित्रांवर आणि शिल्पांवर कलावंताचे नाव नाही. कलेची आवड असणारी माणसे त्यांच्यासमोर उभी राहतात, बारकाईने पाहतात, एकमेकांशी चर्चा करतात आणि हे काम कोणाचे असेल ते ठरवतात. आज आपण एका महान कलावंताचे चरित्र वाचणार आहोत. त्याच्या आयुष्यात हा ओळखीचा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. त्याने एकदा आपले नाव लपवले, एकदा ते रातोरात दगडावर कोरले आणि पुढे त्याला नाव लिहिण्याची गरजच उरली नाही. त्या कलावंताचे नाव मायकेल अँजेलो.

मायकेल अँजेलोचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी इटलीतील काप्रेसे या लहानशा गावी झाला. त्याचे वडील लोदोविको त्या वेळी तेथे सरकारी अधिकारी होते. लवकरच हे कुटुंब आपल्या फ्लॉरेन्स शहरात परतले. लहानग्या मायकेलला दूध पाजण्यासाठी जवळच्या सेत्तिन्यानो गावातील एका दाईकडे ठेवण्यात आले. ते गाव पाथरवटांचे होते. दाईचा नवराही पाथरवटच होता. दिवसभर त्या गावात छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमत असे. आपल्याला दगडाची ओढ दाईच्या दुधातूनच मिळाली, असे मायकेल अँजेलो मोठेपणी गमतीने म्हणत असे.

तो सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. मुलाने चांगले शिकावे आणि घराण्याचे नाव राखावे, अशी वडिलांची इच्छा होती. मायकेलचे लक्ष मात्र शाळेत लागत नसे. संधी मिळाली की तो चित्रे काढत बसे. चित्रकला हे हलके काम आहे, असे त्याच्या घरच्यांना वाटे. त्यासाठी त्याने मारही खाल्ला. पण त्याने हट्ट सोडला नाही. अखेर वडिलांनी हार मानली. १४८८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याला दोमेनिको गिरलांदायो या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली ठेवण्यात आले.

तेथे तो जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला काढू लागला. त्याचा हात इतका तयार झाला, की नक्कल कोणती आणि अस्सल कोणते हे ओळखता येईना. तो आपला कागद धुरावर धरून काळवंडून टाकी. मग मालकाला नक्कल परत करी आणि अस्सल चित्र स्वतःजवळ ठेवी! त्याचा चरित्रकार वासारी याने ही गोष्ट सांगितली आहे.

त्या काळी फ्लॉरेन्सवर मेदिची घराण्याची सत्ता होती. त्या घराण्यातील लोरेन्झो हा कलेचा मोठा चाहता होता. त्याच्या बागेत प्राचीन शिल्पे मांडलेली होती आणि होतकरू मुले तेथे शिकत असत. मायकेलही तेथे जाऊ लागला. एकदा त्याने संगमरवरात एका म्हाताऱ्याचा हसरा मुखवटा कोरला. लोरेन्झोने तो पाहिला आणि म्हाताऱ्याचे सगळे दात शाबूत कसे, असे हसत विचारले. लोरेन्झो पाठमोरा होताच मायकेलने मुखवट्याचा एक दात तोडला आणि हिरडीतही खाच पाडली. लोरेन्झो खूश झाला. त्याने मायकेलला आपल्या वाड्यात ठेवून घेतले. १४९२ साली लोरेन्झोचा मृत्यू झाला आणि मायकेलचा आधार तुटला.

आता नाव लपवण्याची गोष्ट ऐका. मायकेल वीस वर्षांचा असताना त्याने झोपलेल्या क्यूपिडचे, म्हणजे रोमन कथांतील एका बालदेवतेचे, शिल्प बनवले. शिल्प सुंदर होते. पण नवख्या मुलाच्या कामाला किंमत कोण देणार? ते जमिनीत पुरून काढल्यासारखे जुनाट दिसले, तर खूप पैसे मिळतील, असे त्याला सुचवण्यात आले. त्याने तसे केले. एका दलालाने ते प्राचीन शिल्प म्हणून रोममधील कार्डिनल रिआरिओ या बड्या धर्माधिकाऱ्याला दोनशे सोन्याच्या नाण्यांना विकले. मायकेलच्या हातावर मात्र त्याने तीसच नाणी ठेवली.

विचार करा मुलांनो, या व्यवहारात फसले कोण? कार्डिनल तर फसलाच. पण ज्याने फसवणुकीला हात लावला, तो मायकेलही फसला. पुढे सत्य उघडकीला आले. कार्डिनलने शिल्प दलालाला परत केले आणि आपले पैसे वसूल केले. तरीही, इतके सरस काम करणारा तरुण कोण आहे, याचे कुतूहल त्याला वाटले. मायकेलला रोमला बोलावणे आले. जून १४९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो त्या शहरात पोचला. क्यूपिडचे ते शिल्प पुढे नाहीसे झाले. आज ते कोठेही पाहायला मिळत नाही.

रोममध्ये एका फ्रेंच कार्डिनलने त्याला मोठे काम दिले. ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्रुसावरून उतरवलेल्या येशूचा देह माता मरियमच्या मांडीवर आहे, असा तो प्रसंग होता. अशा शिल्पाला इटलीत ‘पिएता’ म्हणतात. मायकेलने त्यासाठी कारारा येथील खाणीतून पांढराशुभ्र संगमरवर आणला. १४९९ साली शिल्प तयार झाले. मरियमच्या वस्त्राच्या चुण्या पाहताना तो दगड आहे, याचा विसर पडतो. तिच्या चेहऱ्यावर दुःख आहे, पण आक्रोश नाही.

लोक शिल्प पाहायला येऊ लागले. एके दिवशी लोंबार्डी प्रांतातील काही पाहुणे तेथे जमले होते. ते शिल्पाची तोंडभरून स्तुती करीत होते. हे काम कोणाचे, असे एकाने विचारले. दुसऱ्याने बेधडक आपल्या मिलान शहरातील एका शिल्पकाराचे नाव सांगितले. मायकेल जवळच उभा होता. तो काही बोलला नाही. त्याच रात्री तो दिवा आणि छिन्नी घेऊन आत शिरला. मरियमच्या छातीवरून जो पट्टा गेला आहे, त्यावर त्याने लॅटिन भाषेत आपले नाव कोरले. ही हकिकतही वासारीनेच लिहून ठेवली आहे.

चार वर्षांपूर्वी याच तरुणाने पैशासाठी आपले काम परक्याच्या नावावर खपू दिले होते. आता मात्र आपले काम दुसऱ्याच्या नावावर गेलेले त्याला सहन झाले नाही. स्वतःच्या श्रमाचे मोल त्याला कळले होते. त्याने नाव कोरलेले हे एकच शिल्प आहे. त्यानंतर त्याने कोणत्याही शिल्पावर सही केली नाही.

त्याचे पुढचे मोठे शिल्प फ्लॉरेन्समधले. तेथे संगमरवराचा एक प्रचंड दगड सुमारे चाळीस वर्षे पडून होता. आधीच्या शिल्पकारांनी तो अर्धवट कोरून सोडून दिला होता. मायकेलने १५०१ साली ते काम हाती घेतले आणि १५०४ साली त्यातून सुमारे १७ फूट उंचीचा ‘डेव्हिड’ साकारला. डेव्हिड म्हणजे ज्यांना आपण हजरत दाऊद म्हणून ओळखतो, ते. बलाढ्य जालूतशी त्यांनी दिलेली झुंज तुम्हाला माहीत आहे. इतर शिल्पकार डेव्हिडच्या पायाशी जालूतचे शिर दाखवीत. येथे ते नाही. येथे खांद्यावर गोफण आहे, कपाळाला आठ्या आहेत आणि नजर दूरवर रोखलेली आहे. लढाई अजून व्हायची आहे. उजव्या हाताच्या शिरा पाहा, त्या ताणलेल्या आहेत. हे शिल्प कोठे उभारावे हे ठरवण्यासाठी शहरातील कलावंतांची बैठक भरली. लिओनार्दो दा विंची आणि बोत्तिचेल्ली हे दोघेही त्या बैठकीत होते. शिल्प नगरसभेच्या इमारतीसमोर उभे राहिले. १८७३ साली ते संग्रहालयात हलवण्यात आले. आज त्या चौकात त्याची प्रतिकृती आहे.

यानंतर एक मोठी मौजेची घटना घडली. १४ जानेवारी १५०६ रोजी रोममधील एका द्राक्षमळ्यात जमिनीखाली काही शिल्पे सापडली. पोप दुसरा ज्युलियस याने स्थापत्यकार जुलियानो दा सांगाल्लो याला पाहणीसाठी पाठवले. जुलियानोने आपल्या लहान मुलाला आणि मायकेल अँजेलोला बरोबर घेतले. खड्ड्यात उतरून जुलियानोने शिल्प पाहिले मात्र, त्याने ते तत्काळ ओळखले! एक पुरुष, त्याचे दोन मुलगे आणि त्यांना विळखा घालणारे साप. प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने आपल्या ग्रंथात वर्णन केलेले ‘लाओकून’ ते हेच. शतकानुशतके ते कोणाच्याच नजरेस पडले नव्हते. ज्याने ग्रंथ वाचला होता, त्यालाच ते ओळखता आले. ते सारे तेथेच प्राचीन शिल्पांविषयी बोलत राहिले. त्या मुलाने म्हातारपणी एका पत्रात ही आठवण लिहिली, म्हणून आज आपल्याला ती कळते.

लाओकूनचा उजवा हात तुटलेला होता. तो कसा असेल, यावर कलावंतांत वाद झाला. हात कोपरात वाकलेला असावा, असे मायकेल अँजेलोचे मत होते, असे सांगतात. पुढे दुसऱ्या एका शिल्पकाराने सरळ, उंचावलेला हात बसवला. १९०६ साली रोममधील एका पाथरवटाच्या आवारात एक जुना संगमरवरी हात सापडला. तो लाओकूनचाच असल्याची खात्री पटल्यावर पुढे १९५०च्या दशकात तो शिल्पाला जोडण्यात आला. तो हात कोपरात वाकलेला आहे!

१५०८ साली पोपने मायकेलला सिस्टाइन प्रार्थनागृहाचे छत रंगवायला सांगितले. आपण शिल्पकार आहोत, चित्रकार नाही, असे मायकेलला वाटे. तरी त्याने लाकडी मचाण बांधले आणि ओल्या गिलाव्यावर रंगकाम सुरू केले. मान वर करून, उभ्याने काम करावे लागे. रंग तोंडावर ठिबकत. पुढे कित्येक दिवस त्याला पत्रसुद्धा डोक्यावर धरूनच वाचता येत असे. १५१२ साली काम पूर्ण झाले. त्या छतावर तीनशेहून अधिक आकृती आहेत. पिळदार दंड, वळलेल्या पाठी आणि जणू दगडातून कोरून काढलेली शरीरे पाहिली, की हे एका शिल्पकाराने रंगवले आहे हे लगेच ध्यानात येते. तेथे सहीची गरज उरत नाही.

उतारवयात त्याच्यावर सेंट पीटरच्या भव्य चर्चच्या बांधकामाची जबाबदारी आली. या कामाचे वेतन त्याने घेतले नाही. त्याने आखलेला घुमट त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झाला. अखेरच्या दिवसांतही त्याची छिन्नी थांबली नव्हती. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, रोममध्ये त्याचे निधन झाले. त्याचा देह त्याच्या आवडत्या फ्लॉरेन्स शहरात नेऊन दफन करण्यात आला.

मुलांनो, फ्लॉरेन्स आणि रोम आपल्यापासून दूर आहेत. पण या शिल्पांची आणि चित्रांची छायाचित्रे पुस्तकांत सहज मिळतात. ग्रंथालयातून असे एखादे पुस्तक आणा. चार मित्र-मैत्रिणी एकत्र बसा. चित्राखालचे नाव हाताने झाका. चेहरा पाहा, हात पाहा, वस्त्राच्या चुण्या पाहा आणि हे काम कोणाचे ते ओळखा. सुरुवातीला तुम्ही चुकाल. मिलानच्या शिल्पकाराचे नाव सांगणारे ते पाहुणेही चुकलेच होते. पाहता पाहता डोळे तयार होतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या निबंधावर आपले नाव घालणे सोपे असते. तो निबंध आपला मात्र होत नाही. आपले काम इतक्या मनापासून करा, की वहीवर नाव लिहायचे राहून गेले तरी पाहणाऱ्याने ते तुमचेच म्हणून ओळखावे.