संत सेना न्हावी

संत सेना न्हावी (सेना महाराज, उत्तर भारतात सैन, सेन भगत) हे मध्ययुगीन संतकवी होते. महाराष्ट्रात त्यांची गणना वारकरी संतांमध्ये होते, तर उत्तरेत ते स्वामी रामानंदांच्या बारा प्रमुख शिष्यांपैकी एक मानले जातात. शीख धर्मग्रंथातही त्यांच्या नावाचे पद आहे. व्यवसायाने ते न्हावी होते आणि राजाच्या खासगी सेवेत होते, याबाबत सर्व परंपरांचे एकमत आहे. राजा कोणता आणि राज्य कोठले, यावर मात्र एकमत नाही. श्रावण वद्य द्वादशी हा त्यांचा पुण्यतिथीचा दिवस म्हणून पाळला जातो.

काळ आणि स्थान

उत्तरेकडील परंपरेनुसार सेना हे बांधवगडच्या (सध्याचे मध्य प्रदेश) राजाचे न्हावी होते. नाभादासांच्या 'भक्तमाल' या ग्रंथात त्यांच्यावर एक छप्पय आहे आणि प्रियादासांनी 1712 मध्ये लिहिलेल्या टीकेत ती कथा विस्ताराने येते. मराठी परंपरेत ताहराबादच्या महिपतींनी 'भक्तविजय' (1762) या ग्रंथात सेनाचरित्र सांगितले आहे. तेथे राजा मुसलमान आहे. पुढील मराठी कथनांत तो बिदरचा बादशहा झाला. बिदर ही बहमनी राजधानी पंधराव्या शतकात झाली, त्यामुळे बिदरची कथा खरी मानल्यास सेनांना ज्ञानदेव-नामदेवांच्या काळात नेता येत नाही. याउलट जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात सेनांचा उल्लेख येतो आणि त्याच्या आधारे काही अभ्यासक त्यांना नामदेवांच्या जवळ आणतात. हा अभंग जनाबाईंचाच आहे, असे धरूनच हा युक्तिवाद उभा राहतो, ही त्याची कमकुवत बाजू होय.

एकच सेना की दोन, असाही प्रश्न विचारला गेला आहे. मराठी अभंग रचणारे सेना आणि रामानंदशिष्य सैन या भिन्न व्यक्ती असाव्यात, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार उत्तरेतील संत तीर्थयात्रेच्या निमित्ताने दक्षिणेत आले आणि पंढरपूरशी जोडले गेले. बुऱ्हाणपूर, असीरगड व तापीचे खोरे हा उत्तरेतून दख्खनमध्ये उतरण्याचा जुना राजमार्ग. संत आणि संतांच्या कथा याच वाटेने दोन्ही दिशांना गेल्या असणे स्वाभाविक आहे. एका व्यक्तीच्या दोन जन्मभूमी होण्यास एवढे दळणवळण पुरेसे ठरते.

राजाच्या क्षौराची कथा

महिपतींच्या कथेनुसार सेना पहाटे स्नान करून विष्णुपूजेत बसलेले असताना राजाकडून बोलावणे आले. पूजा अर्धवट टाकून उठणे त्यांना मान्य नव्हते, म्हणून पत्नीने ते घरी नसल्याचे सांगितले. बोलावणी पुन्हा आली. एका शेजाऱ्याने खरा प्रकार राजाला कळवला. संतप्त राजाने सेनांचे हातपाय बांधून त्यांना नदीत टाकण्याची आज्ञा केली. त्याच वेळी देव सेनांचे रूप घेऊन, खांद्याला धोकटी लावून राजापुढे उभा राहिला. त्याने राजाचे क्षौर केले आणि तेल लावण्यास घेतले. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज मूर्ती दिसली. मान वर केली तर समोर नेहमीचाच न्हावी होता. प्रसन्न झालेल्या राजाने दिलेली नाणी धोकटीत टाकून देव निघून गेला. राजाला मात्र चैन पडेना. पुन्हा बोलावल्यावर खरे सेना भीत भीत आले. धोकटी उघडताच त्यांना नाणी दिसली आणि घडलेला प्रकार त्यांच्या ध्यानात आला. राजाही भक्तिमार्गाला लागला.

उत्तरेकडील कथेत विलंबाचे कारण वेगळे आहे. तेथे पूजेऐवजी दारी आलेल्या साधूंच्या सेवेत सेनांचा वेळ जातो. भाई गुरदासांच्या पंजाबी वारांमध्येही असेच कारण दिले असून त्यात रात्रभर चाललेल्या कीर्तनाचा उल्लेख आहे. नाभादासांच्या छप्पयात देव वस्तऱ्याची पिशवी आणि आरसा हाती घेतो व राजाला तेल लावतो. तपशील बदलले, तरी देवाने न्हाव्याचे काम केले हा गाभा कोठेही बदलत नाही. जे काम समाजाने खालच्या पायरीवर ठेवले होते, ते देवाने स्वतःच्या हाताने केले, हा या कथेचा अर्थ श्रोत्यांना वेगळा समजावून द्यावा लागत नसे.

धोकटीतील हत्यारे

न्हावी हा गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी एक. घरोघरी जाऊन क्षौर करणे आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी धान्य घेणे, ही त्याची रीत. धोकटीत वस्तरा, तो लावण्याचा दगड, चामड्याचा पट्टा, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी असे. साबणाचा वापर रूढ होण्यापूर्वी केवळ पाण्याने दाढी बराच वेळ चोळून केस मऊ करत. क्षौराचे अर्धे यश या चोळण्यावर अवलंबून असे. कोरड्या किंवा घाईने भिजवलेल्या दाढीवर उत्तम वस्तराही ओढतो.

वस्तऱ्याची निवड हे या धंद्यातील पहिले कसब होते. जाड, पाचरीसारख्या पात्याचा वस्तरा वजनदार असतो व राठ केसांवर स्थिर चालतो, पण त्याला धार लावण्यास वेळ लागतो. बाजूंनी पोकळ घासलेले पातळ पाते लवकर धरते आणि अधिक नाजूक कापते. मात्र हात किंचित कललाच तर कातडी चिरते. पाते त्वचेशी सुमारे 30 अंशांचा कोन करून चालवावे लागते. दगडावर धार लावणे अधूनमधून पुरते, परंतु चामड्यावर पाते फिरवणे प्रत्येक दाढीपूर्वी आवश्यक असते. घरी स्वतःची दाढी उघड्या वस्तऱ्याने करणाऱ्यालाही हेच नियम लागू होतात, आणि शिवाय आरशात उलट दिसणाऱ्या हाताची सवय करावी लागते. या वस्तऱ्याला संरक्षक कड नसते. राजा ज्याच्यापुढे उघडा गळा धरतो, तो माणूस पूर्ण विश्वासातलाच असावा लागे; कथेतील राजाचा क्रोध व त्याने सुनावलेली शिक्षा यांची तीव्रता या पार्श्वभूमीवर समजते.

रचना

सेनांच्या नावावरील मराठी अभंग 'सकलसंतगाथे'त समाविष्ट आहेत. त्यांत विठ्ठलभक्ती, नाममाहात्म्य व संतस्तुती हे विषय असून आळंदी आणि ज्ञानदेवांविषयीचा आदर ठळकपणे दिसतो. त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना स्वतःच्या व्यवसायावरचे रूपक आहे. विवेक हा आरसा, वैराग्य हा चिमटा, शांती हे डोके भिजवण्याचे पाणी आणि अहंकार ही पिळायची शेंडी, अशी तिची मांडणी आहे. काम-क्रोधांची नखेही त्यात काढली जातात. सावता माळी यांनी मळ्यातून आणि गोरा कुंभार यांनी चिखलातून जे साधले, ते सेनांनी धोकटीतून साधले. येथे व्यवसायाची लाज नाही आणि तो सोडण्याची भाषाही नाही.

1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी संकलित केलेल्या आदिग्रंथात धनाश्री रागातील सैन यांचे एक छोटे पद आहे. ते आरतीच्या स्वरूपाचे असून त्यात रामानंदांचा नामोल्लेख येतो. रामानंदांशी असलेला संबंध सांगणारा हा जुना लिखित आधार होय.

स्मृती

महाराष्ट्रातील नाभिक समाज सेना महाराजांना आपले आराध्य मानतो. खानदेशात जळगाव आणि धुळे येथे श्रावण वद्य द्वादशीला प्रतिमापूजन, भजन-कीर्तन व मिरवणूक असे कार्यक्रम होतात. केशकर्तनालयांत आरशाच्या वर त्यांची तसबीर लावण्याची प्रथा आहे. चित्रात ते बहुधा विठ्ठलमूर्तीसमोर बसलेले किंवा राजाचे क्षौर करताना दाखवलेले असतात. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात वस्तरा कोणाच्या हातात आहे, सेनांच्या की देवाच्या, हे पाहणाऱ्यावर सोपवलेले असते.

या समाजाच्या आधुनिक इतिहासात 1890 चा प्रसंग महत्त्वाचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. दगडावर लावायचा वस्तराही आता मागे पडला आहे. सलूनमधील वस्तऱ्यात अर्धे ब्लेड बसवतात आणि रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने ते प्रत्येक गिऱ्हाइकामागे बदलतात. धोकटी हा शब्द मात्र सेना महाराजांच्या कीर्तनात अजून ऐकू येतो.