मोटारीच्या हल्ल्यामुळे गादीवर आला, मोटारींसाठी जगभर गाजला : इंदूरचे यशवंतराव होळकर

काळाचौकीहून कॉटन ग्रीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री कधीतरी अशी एखादी गाडी जाते की नाक्यावरची सगळी पोरं मान वळवून बघतात. खाली बसवलेलं सस्पेन्शन, रुंद अलॉय, मॅट रॅप आणि सायलेन्सरचा असा आवाज की चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरचं लहान मूल जागं व्हावं.

शोरूममधून निघते तेव्हा गाडी कंपनीची असते, मनासारखी करून घेतली की ती आपली होते. मॉडिफिकेशनवाल्यांचं हे साधं गणित. हे वेड रील्समुळे आलं असं वाटत असेल तर नव्वद वर्षं मागे जाऊ. तेव्हा एका मराठी माणसाने मोटार अशी घडवून घेतली होती की आजही जगातले मोटारवेडे तिचं नाव काढतात.

त्यांचं नाव महाराजा यशवंतराव होळकर दुसरे.

होळकर इंदूरचे, पण घराणं मूळचं नीरेकाठच्या होळ गावचं. यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे गादीवर होते आणि मुलाला इंग्लंडला शिकायला पाठवलं होतं. राजा व्हायला अजून बरीच वर्षं होती. पण मध्ये आली मुंबई.

मलबार हिलवरची ती संध्याकाळ

तारीख १२ जानेवारी १९२५. अब्दुल कादर बावला हा श्रीमंत व्यापारी मलबार हिलवरून मोटारीने चालला होता. सोबत होती मुमताज बेगम. ती आधी इंदूरच्या दरबारात नर्तकी होती, तिथून निसटून ती मुंबईत बावलाच्या आश्रयाला आली होती.

मागून दुसरी मोटार आली आणि तिने बावलाच्या गाडीला धडक दिली. हल्लेखोर उतरले. बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. तिला पळवून न्यायचा बेत होता, पण गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज अधिकारी नेमके तिथे पोचले आणि त्यांनी हल्लेखोरांशी झटापट केली. बावला मेला, मुमताज वाचली.

हा खटला देशभर गाजला. पकडलेल्यांपैकी अनेकजण इंदूर दरबाराशी संबंधित निघाले. तुकोजीरावांचा थेट हात सिद्ध झाला नाही, पण इंग्रज सरकारने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले, चौकशीला सामोरं जा नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली.

आणि सतरा वर्षांचे यशवंतराव राजे झाले. वडिलांचं राज्य मुंबईच्या रस्त्यावर एका मोटारीच्या पाठलागात गेलं होतं, हे ओझं घेऊनच.

राजा, पण वेगळ्या चवीचा

वय लहान म्हणून सुरुवातीला कारभार इतरांच्या हाती राहिला. पूर्ण अधिकार मिळाले १९३० मध्ये. दरम्यान ते ऑक्सफर्डला होते. तिथल्या काळात त्यांची ओळख झाली एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी.

यशवंतरावांनी त्याला इंदूरमध्ये महाल बांधायला सांगितला. घुमट नको, झुंबरं नकोत. काच, धातू, सरळ रेषा, वातानुकूलन. १९३० ते १९३३ दरम्यान उभा राहिलेला हा माणिकबाग राजवाडा तेव्हाच्या भारतातलं सगळ्यात आधुनिक घर म्हणावं असा होता. सामान युरोपातल्या त्या काळच्या आघाडीच्या डिझायनर्सकडून आलं. मुथेसियसने त्यांच्यासाठी रेल्वेचा डबा आणि कॅराव्हॅनसुद्धा डिझाइन केली.

म्हणजे वस्तू तयार घ्यायची नाही, आपल्याला हवी तशी घडवून घ्यायची, ही त्यांची सवय. मोटारींच्या बाबतीतही तेच झालं.

तेव्हा गाडी दोन तुकड्यांत यायची

हे समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. आज आपण गाडी घेतो ती पूर्ण तयार. त्या काळात महागड्या कंपन्या बहुतेक वेळा फक्त चॅसी विकायच्या. चॅसी म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि पुढचा रेडिएटर. वरची बॉडी बांधणारे कारागीर वेगळे, त्यांना कोचबिल्डर म्हणायचे. आधी लाकडाची चौकट, तिच्यावर हातोडीने ठोकून आकार दिलेला पत्रा. छप्पर हवं की उघडी, दारं किती, मडगार्डचा बाक कसा, रंग कुठला, सगळं गिऱ्हाईक ठरवणार.

थोडक्यात कस्टम गाडी ही तेव्हा श्रीमंतांची रीतच होती. मोटारींच्या सौंदर्याच्या स्पर्धाही तेव्हाच युरोपात बहरल्या. पॅरिसमध्ये नव्या गाड्या आणि त्यांच्या शेजारी नव्या फॅशनचे कपडे घातलेल्या स्त्रिया असा थाट असायचा. आजच्या कार शोचा हा पूर्वज.

यशवंतरावांच्या ताफ्यात बेंटली, हिस्पानो-सुइझा, अल्फा रोमिओ अशी नावं होती. पण सगळ्यात गाजली ती ड्यूसेनबर्ग एसजे.

ड्यूसेनबर्ग ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची कंपनी. एसजे मॉडेलमध्ये एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरचं इंजिन आणि वर सुपरचार्जर. कंपनी ३२० हॉर्सपॉवरचा दावा करायची. आज आपल्या रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकची ताकद ८०-९० च्या आसपास असते. यावरून १९३० च्या दशकात ही काय चीज असेल याचा अंदाज करा.

यशवंतरावांनी चॅसी अमेरिकेची घेतली आणि बॉडी बांधायला दिली लंडनच्या गर्नी नटिंगकडे. माल्कम कॅम्पबेलच्या वेगाचे विक्रम करणाऱ्या ब्लू बर्ड गाडीचं काम केलेली हीच मंडळी. त्यांनी लांबच लांब बॉनेट, मागे निमुळती होत जाणारी शेपटी आणि उघडं छप्पर अशी स्पीडस्टर बांधली. रंग काळा आणि नारंगी. एवढ्या लांब गाडीत माणसं बसणार जेमतेम दोन.

त्यांच्या गाड्यांवरचे दिवेही प्रसिद्ध आहेत. लाल दिवा लागला की आत महाराज, निळा लागला की महाराणी. रस्त्यावरच्या शिपायाने दुरूनच ओळखून सलाम ठोकायचा. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच बंद पडली, त्यामुळे ही गाडी तिच्या शेवटच्या काही गाड्यांपैकी एक ठरली.

पैसा कुणाचा?

गिरणगावातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, आणि तो रास्त आहे. हे सगळं घडत होतं तेव्हा जगभर महामंदी होती. इंदूरही मुंबईसारखंच कापडगिरण्यांचं शहर. माळव्यातला शेतकरी कापूस पिकवत होता, गिरणीत कामगार राबत होता, आणि संस्थानाची तिजोरी त्यांच्याच कष्टावर चालत होती. राजाच्या एका स्पीडस्टरचा हिशोब त्यांना कुणी विचारला नव्हता.

पण चित्राला दुसरी बाजूही आहे. इंदूरला पाणी पुरवणारा यशवंतसागर तलाव त्यांच्याच काळातला. शहरातलं सगळ्यात मोठं सरकारी रुग्णालय, ज्याला लोक एमवाय म्हणतात, त्यांच्याच नावाचं. सी. के. नायडूंच्या होळकर संघाला त्यांचाच आश्रय होता आणि या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.

हळूहळू सगळं निसटलं

त्यांची पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. माणिकबागेच्या निवडीत त्यांचाही वाटा होता. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं, तेही विशीतच. मुलगी उषाराजे तेव्हा अगदी लहान होती.

यशवंतराव या काळात शिल्पकार ब्रांकुशीकडून इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधून घेणार होते. ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झालंच नाही. पुढे यशवंतरावांनी दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकी स्त्रियांशी, आणि त्यांचा बराच काळ परदेशात जायला लागला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झालं. यशवंतरावांना उपराजप्रमुख हे पद मिळालं, तेही १९५६ मध्ये संपलं. ५ डिसेंबर १९६१ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३. आणि शहर कुठलं? मुंबई. ज्या शहरातल्या एका गुन्ह्याने त्यांना गादी दिली, तिथेच शेवट झाला.

माणिकबागेत नंतर केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आलं. महालातलं फर्निचर १९८० मध्ये मोनाकोत लिलावात गेलं आणि जगभरच्या संग्रहांत पांगलं. ड्यूसेनबर्ग अमेरिकेत परतली. तिच्यासारख्या गाड्या आज बघायच्या तर कॅलिफोर्नियाच्या पेबल बीचसारख्या शोमध्ये जावं लागतं.

आपल्याकडे दक्षिण मुंबईत व्हिंटेज गाड्यांच्या रॅली निघतात, गर्दीही होते. पण नवी गाडी बदलायची तर कायदा आडवा येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. कंपनीने मंजूर करून घेतलेली मूळ रचना बदलून गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. यशवंतरावांना असं अडवणारं कुणी नव्हतं, कारण त्यांच्या संस्थानात कायदाही त्यांचाच होता.

म्हणून या गोष्टीतून दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवायच्या. यशवंतरावांची नजर अव्वल होती, नव्वद वर्षांनंतरही ती गाडी जुनाट वाटत नाही. आणि त्या गाडीचं बिल ज्यांच्या घामातून भरलं गेलं, त्यांच्यापैकी कुणीही ती कधी चालवली नाही. इंदूरच्या वाट्याला शेवटी उरला तो तलाव आणि ते रुग्णालय. त्यांचा उपयोग मात्र आजही रोज होतो.