दार ठोठावले, मग घर बांधले

परमपूज्य बाबासाहेबांनी आधी जुन्याच घराचे दार ठोठावले. १९२७ ला महाडचे चवदार तळे, १९३० ला नाशिकचे काळाराम मंदिर. तळ्याचा निकाल हायकोर्टातून मिळायला १९३७ उजाडले. मंदिराचे दार पाच वर्षांच्या सत्याग्रहानेही उघडले नाही.

१९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, पण घाई केली नाही. मधल्या एकवीस वर्षांत मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभारले. आतला झगडाही चालूच होता. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ ला मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. दोन महिन्यांच्या आत परिनिर्वाण झाले.

बंधू-भगिनींनो, घर त्यांनी बांधून दिले, नांदते आपण ठेवायचे. विहारात पोरांच्या अभ्यासाचा दिवा रोज लागतो का, एवढे बघा. जय भीम!